रजा चार दिवसांची, तरवा चाळीस दिवसांचा

बांधावरचे प्रश्न : वाचकांची पत्रं आणि त्यांना उत्तरं

या महिन्याची पत्रं उघडली तर पत्ते सगळे घणसोली, कळवा, नौपाडा, ऐरोली असे हाकेच्या अंतरावरचे. शेत मात्र बहुतेकांचं लांब कुठंतरी, आणि तिथं राबायला कोण, हाच सगळ्यांचा घोर. मी कृषी खात्यात 31 वर्षं काढली, त्यातली बरीचशी शहापूर-मुरबाडला. आता कोपरखैरण्यात राहतो, शेत पाटणकडं, कसतो चुलतभाऊ. तेव्हा खाली जे दोष दाखवलेत ते आधी माझ्याच अंगाला चिकटलेले आहेत असं समजून वाचा.

प्रश्न : साहेब, नमस्कार. आमचं गाव पाटण तालुक्यात, डोंगराच्या पोटाला. वडील माथाडी होते, मीही तुर्भ्याच्या मार्केटात टोळीत आहे. गावी दीड एकर भात आणि वरच्या अंगाला थोडी नाचणी. तिथं आई-वडील दोघंच. दरसाल लावणीला आम्ही दोघं भाऊ 4 दिवस रजा टाकून जातो. गेल्या साली गेलो तर पाऊसच नाही, चिखल होईना. रजा संपली, परत आलो. मग पाऊस लागला तर बायका मिळेनात. मिळाल्या त्यांनी 400 रुपये रोज घेतला, वर चहा-जेवण. लावण झाली तेव्हा तरवा (वाफ्यातलं भाताचं रोप) 40 दिवसांचा झाला होता. बी कर्जत-3 होतं. 22 पोत्यांचं रान 11 पोत्यांवर आलं. दुकानदाराशी भांडून आलो, पण हाती काही लागलं नाही. शेती सोडून द्यावी काय?
(घणसोलीचा एक वाचक)

उत्तर : आधी त्या दुकानदाराला गाठून चहा पाजा. बियाण्यात खोट नव्हती. कर्जत-3 ही हळवी, म्हणजे लवकर तयार होणारी जात, तिचं सगळं आयुष्य 110 ते 115 दिवसांचं. त्यातले 40 दिवस तिनं वाफ्यात दाटीवाटीनं काढले. भाताला फुटवे येतात ते बुडाच्या पेरांतून, आणि रोप 21 ते 25 दिवसांचं असताना चिखलात गेलं तर त्या पेरांना हातपाय पसरायला मिळतात. ती वेळ वाफ्यातच टळली की मग खत घाला, पाणी द्या, चुडात (एका जागी लावलेल्या रोपांच्या जुडग्यात) काड्या वाढत नाहीत. हळवी जात आपल्यासाठी थांबतही नाही. तिचा दिवस भरला की आहे तेवढ्याच फुटव्यांवर निसवते, लोंब्या टाकते.

बायकांनी 400 रुपये घेतले हे तुम्ही जरा रागानंच लिहिलंय. एकरभर लावायला दहा-बारा बायका एक दिवस लागतात, आणि गावातल्या प्रत्येक खाचराला त्या एकाच आठवड्यात हव्या असतात, कारण पाऊस सगळ्यांचा एकच. बाकी वर्षभर पारावर माणसं बसलेली दिसतील, त्या आठ-दहा दिवसांत चिटपाखरू दिसणार नाही. आमच्या लहानपणी यावर पैऱ्याची तोड होती. आज आमच्या घरची चौघं शेजाऱ्याच्या रानात, उद्या त्याची चौघं आमच्यात. पैसा हलायचा नाही. मग मुंबईला गेलेल्यांच्या घरात मागं म्हातारा-म्हातारी उरली. त्यांच्या रानात चार माणसं राबून गेली तर त्यांनी ते फेडायचं कशानं? दोन-तीन सालं लोकांनी भिडेखातर केलं, नंतर बोलवायलाच लाज वाटायला लागली. पोरं पैसे पाठवतात खरं, पण पैशानं फेडला तर तो पैरा कसला, ती मजुरी झाली. आणि लावणीच्या आठवड्यात मजुरीचा भाव चढा असणारच. तुमच्या टोळीला दिवाळीच्या तोंडावर गाड्या जास्त आल्या तर तुम्ही कमी घेता का?

आता करायचं काय? दोघा भावांनी एकदम रजा टाकणं बंद करा. एकानं आधी, एकानं नंतर. आणि रजेची तारीख तुम्ही इथं कॅलेंडर बघून धरू नका. आईचा फोन आला की निघायचं. टोळीतल्या कुणाशी पाळी बदलून घ्या. निम्मी टोळी आपल्याच खोऱ्यातली असते, लावणी म्हणजे काय ते त्यांना समजवावं लागत नाही. तरवा एकदम न टाकता दोन हप्त्यांत टाका, मध्ये आठ-दहा दिवस सोडून. पहिला वाफा हुकला तर दुसरा वेळेत सापडतो. खोल, पाणी धरणाऱ्या खाचरांत गरवी, म्हणजे उशिरा तयार होणारी जात घ्या, रोप चार दिवस जास्तीचं झालं तरी ती सोसते. इतकं करून उशीर झालाच तर चुडात दोन-तीनच्या ऐवजी चार-पाच रोपं धरा आणि लावण जवळजवळ करा. फुटव्यांची तूट थोडी तरी भरून निघते.

पाणी न साचणारं एखादं खाचर असेल तर तिथं एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) करून बघा. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी बसवलेली ही पद्धत. चिखलणी नाही, लावण नाही. एकदा गादीवाफे करायचे, ते पुढं मोडायचे नाहीत, साच्यानं भोकं पाडून एकेका भोकात तीन-चार दाणे टोकायचे. लावणीच्या बायका लागतच नाहीत. मात्र चिखलणीत जे तण गाडलं जातं ते इथं गाडलं जात नाही. तणनाशक ठरल्या दिवशी पडलं नाही तर ऑगस्टात भात हुडकत फिरावं लागतं. म्हणजे माणसं कमी लागतात, पण जो एक लागतो तो रानातच हवा, घणसोलीत असून उपयोगाचा नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. नोकरीत असताना एका जुलैत इथं चार दिवस कोरडे गेले. मी गॅलरीत उभं राहून आभाळ बघितलं आणि चुलतभावाला फोन लावला, "उद्या युरिया टाकून घे." तो म्हणाला, "दादा, बांध भरून वाहतायत." मी म्हणालो, "अरे, उघडीप आहे, टाक." साहेबानं सांगितलं म्हणून त्यानं टाकला. दोन पोती युरिया थेट कोयनेला. खालच्या अंगाच्या शेजाऱ्याचं भात त्या साली असं काळंभोर झालं की तो येताजाता माझी ख्याली-खुशाली विचारायचा. त्या दिवसापासून मी भावाला फोनवर फक्त विचारतो, सांगत नाही. पुढं आम्ही डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातलागवडीतल्या युरिया-डीएपी खताच्या गोळ्या वापरायला लागलो. चार चुडांच्या मध्ये एक गोळी चिखलात खोल दाबायची, मग ती वाहून जात नाही आणि वरून खत टाकायचं कामही उरत नाही. दाबायला बोटं लागतात, तीही त्याच आठवड्यात, हा त्यातला काटा.

वरची नाचणी? तीही याच दिवसांत लावायला येते आणि दर वेळी मागं राहते. माझी वरकस (डोंगरउताराची हलकी) पट्टी गेली कितीतरी वर्षं गवतालाच आहे, तेव्हा तुम्हाला उपदेश करायला तोंड नाही. भात मात्र एकदम सोडू नका. एक साल निम्म्यावर आणा, पण वेळेत लावा, आणि पोती मोजून मला कळवा.

प्रश्न : गावं रिकामी होतायत, शेतीला माणूस मिळत नाही, असं आजोबा सारखं म्हणतात. मग देशात धान्य कमी का पडत नाही?
(बारावीचा विद्यार्थी, कळवा)

उत्तर : आजोबांना खोटं पाडायला लिहिलंयस की खरं, ते कळत नाही. आकडा बघितलास तर आजोबा हरतात. 1950-51 साली देशात 5.08 कोटी टन अन्नधान्य पिकलं, 2023-24 साली 33 कोटी टनांच्या वर. मधल्या काळात सुधारलेली बियाणी, कालवे, विहिरी, खतं, ट्रॅक्टर आले. दुसऱ्या बाजूनं वाटण्या होत होत जमिनीचे तुकडे पडले. आपल्या राज्यात 1970-71 मध्ये एका खातेदाराकडं सरासरी 4.28 हेक्टर जमीन होती, 2015-16 मध्ये 1.34 हेक्टर राहिली. एवढ्याशा तुकड्यावर चार भावांना बारा महिने काम नसतंच. तिघं बाहेर पडले म्हणून पीक लगेच घटत नाही.

माझे वडील मुंबईच्या दाणाबंदरात, धान्याच्या बाजारात, हमाल होते. पाठीवर पंजाबच्या गव्हाची पोती, आणि गावी आमचं स्वतःचं रान एक साल आड पडलेलं. देशाचं धान्य वाढतंय आणि आपलं शेत ओस पडतंय, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या पाठीवर होत्या. रविवारी ते मनीऑर्डरचा फॉर्म भरायचे आणि खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहायचे, "बैलास पेंड घेणे."

तो पंजाबही परक्या हातांवरच उभा आहे. तिथं भाताची लावण करणारे मजूर बिहार-उत्तर प्रदेशातून जातात. 2020 च्या टाळेबंदीत ते गावी परतले आणि जूनच्या तोंडावर तिथं हाहाकार उडाला. लावणीचे दर चढले, बऱ्याच शेतकऱ्यांनी लावण सोडून यंत्रानं थेट पेरणी केली. तरी त्या 2020-21 सालात देशात 31 कोटी टन धान्य झालं, तोवरचं सगळ्यात जास्त. पाऊस चांगला होता, हे त्यात धरायला हवं. शहरातून परतलेली माणसंही शेतीतच शिरली. देशातल्या काम करणाऱ्यांत शेतीतल्यांचा वाटा 2018-19 साली शेकडा 42.5 होता, तो 2020-21 मध्ये 46.5 झाला. बारा वर्षांपूर्वी ज्यानं औत सोडलं त्याच्या हातात पुन्हा खुरपं आलं. ते आवडीनं आलं नव्हतं.

पण टनांवर भुलू नकोस. आजोबांना विचार, तुमच्या ताटातली भाकरी कशाची होती? रब्बी ज्वारी काढणं म्हणजे काय ते तू बघितलेलं नसणार. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात डोक्यापेक्षा उंच ताट, म्हणजे ज्वारीचं धाट, दोन्ही हातांनी मुळासकट उपटायचं. दुपारपर्यंत तळहाताला फोड येतात, कडब्याची पात गालाला, मानेला कापते. मग पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, वाळवायची, मळायची. याला माणूस मिळेनासा झाला. गव्हात कापणी-मळणीचं यंत्र सरळ शिरतं, मालदांडी ज्वारीच्या उंच ताटात तसं शिरत नाही, आणि शिरलं तरी कडब्याचा चुरा होतो. ज्यांच्याकडं राबायला माणसं नाहीत त्यांच्याकडं बैलही राहत नाहीत. बैल नाहीत तर कडबा कुणाला हवाय? आणि कडबा नको असेल तर ज्वारी कशाला पेरायची? अशी एकामागून एक काडी निखळते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय, चांगली गोष्ट आहे, पण मानांकनानं ताट उपटलं जात नाही. तेव्हा धान्य कमी पडत नाही हे खरं, पण कुठलं धान्य उरतं ते मजूर ठरवतो. आजोबा इतके काही चुकलेले नाहीत.

प्रश्न : आमचं गाव शहापूर तालुक्यात. मिस्टर रबाळ्याला कंपनीत आहेत, ऐरोलीत खोली घेऊन राहतात, पंधरा दिवसांनी येतात. आवणी, बेणणी, कापणी, झोडणी सगळं मी आणि सासूबाई करतो. पण सातबारा सासऱ्यांच्या नावावर आणि मोबाईल नंबर सगळीकडं मिस्टरांचा. ओटीपी त्यांच्या फोनवर जातो आणि ड्युटीत फोन लॉकरला असतो. मागच्या साली अशानंच पीक पाहणी राहिली आणि नोंद नाही म्हणून खरेदी केंद्रावर भात घेतलं नाही. व्यापाऱ्याला स्वस्तात घालावं लागलं.
(एक शेतकरी बाई)

उत्तर : ताई, तुम्ही सही "शेतकरी बाई" अशी केलीत, बरं वाटलं. खेड्यात काम करणाऱ्या चार बायकांतल्या तिघी शेतीत आहेत, पण कागद काढायला गेलं की शेतकरी म्हणून पुरुषच निघतो. तुमच्याकडं तर तो पुरुष पन्नास-साठ किलोमीटर लांब, आणि त्याचा फोन लॉकरात.

ई-पीक पाहणी, म्हणजे उभ्या पिकाची सातबाऱ्यावरची नोंद, 2021 पासून मोबाईलवर आली. ती खातेदाराच्याच फोनवरून करावी लागते असा बऱ्याच जणांचा समज आहे. तसं नाही. एका फोनवरून अनेक खातेदारांची पाहणी करता येते. तुमच्या स्वतःच्या नंबरवर ॲप नोंदवा, सासऱ्यांचं खातं निवडा, पिकात उभं राहून फोटो काढा. मुदतीच्या शेवटच्या दिवसांवर ठेवू नका, तेव्हा सर्व्हर रुसतो. रेंज नसेल तर गावात पाहणीला मदत करणारा माणूस नेमलेला असतो, तलाठ्याकडं त्याचं नाव विचारा. बँक, खत, विमा, जिथं जिथं मिस्टरांचा नंबर आहे तिथं पुढच्या वेळी ते आले की दोघांनी मिळून बसा आणि कुठं तुमचा नंबर देता येतो ते बघून घ्या. यात त्यांचा मान कमी होत नाही, हे हवं तर मी लिहिलंय म्हणून दाखवा.

नावाचं काम जरा लांबचं आहे. 1992 पासून आपल्याकडं लक्ष्मी मुक्तीची सोय आहे. नवरा आपल्या हयातीत बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावू शकतो. मात्र जमीन आधी त्याच्या नावावर हवी, म्हणजे तुमच्या घरी पहिल्यांदा सासऱ्यांनी वाटप करून द्यायला हवं. हा विषय ते हिंडते-फिरते आहेत तोवर, सणाला सगळे जमले असताना काढा. सासूबाईंना आधी आपल्या बाजूला घ्या. त्याही तुमच्याच बरोबरीनं चिखलात उतरतात, त्यांना जास्त सांगावं लागणार नाही.

प्रश्न : मुरबाडला आमची 3 एकर भातजमीन, 8 वर्षं पडीक. शेजारी अर्धलीनं (निम्म्या पिकाच्या बोलीवर) मागतो. घरचे म्हणतात, कूळ लागेल, पडून राहिलेली बरी.
(नौपाडा)

उत्तर : मुरबाडला असताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की कुणी "कू" म्हटलं की पुढचं मीच म्हणायचो. कूळ कायदा 1948 चा. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाला कसणारी कुळं जमिनीची मालक ठरली, तेव्हा ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरात ती भीती वारसाहक्कानं आली. कायदा आजही आहे, म्हणून तोंडी व्यवहार करू नका. चांगला महसुली वकील गाठा, एकेका हंगामापुरता लेखी करार करा, आणि पीक पाहणी दरवर्षी स्वतः जाऊन करा. त्या निमित्तानं शेताला पाय तरी लागतील.

तुम्हाला वाटतं, पडीक ठेवली म्हणजे जमीन जपली. बांध फुटले की खाचराचं खाचरपण दोन-चार पावसाळ्यांत जातं. रान वाढलं की रानडुकरं तिथं दिवसभर पडून राहतात आणि रात्री शेजाऱ्याच्या भातात उतरतात. तो माळा बांधून डबे वाजवत जागतो, दोन वर्षांनी कंटाळतो, त्याचंही शेत पडीक. मी एका पाड्याच्या खाली अशी ओळीनं 7 खाचरं गेलेली बघितली. पहिलं ज्याचं गेलं तो ठाण्यात राहत होता. तुमचा शेजारी जमीन मागतोय यात त्याला निम्मं भात हवंय हे खरं, पण त्याला तुमची डुकरंही नको आहेत.

प्रश्न : आमचे काका म्हणतात, रोजगार हमीमुळं मजूर माजले, ती बंद करायला हवी. तुमचं मत?
(डोंबिवली)

उत्तर : काकांना विचारा, 1972 च्या दुष्काळात खडी कुणी फोडली? त्या दुष्काळातून ही योजना उभी राहिली, 1977 साली आपल्या राज्यात कायदा झाला, देशाचा कायदा व्हायला 2005 उजाडलं. मुरबाड-शहापूरचे कातकरी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ते आगाऊ पैसे उचलून, अख्खं बिऱ्हाड घेऊन. चुलीची भांडी आणि कोंबड्यासुद्धा बरोबर. पावसाच्या तोंडावर परततात, तोवर भातामागचा वाल, हरभरा करायला गावात माणूस नसतो. गावातच वेळेवर काम आणि वेळेवर पैसा मिळाला तर त्यातले काही थांबतात, आणि थांबलेला माणूस काकांच्याही शेतावर येतो. मात्र ऐन लावणी-कापणीत हमीची कामं काढू नयेत, एवढं काकांचं मी मान्य करतो. बाकी "माजले" हा शब्द त्यांनी भर जुलैत एक दिवस वाकून लावण केल्यावर पुन्हा वापरावा.

प्रश्न : सकाळी नाक्यावर इतके मजूर उभे असतात. त्यातले सहा जण गाडीत घालून लावणीला गावी नेले तर?
(ऐरोली)

उत्तर : मी विचारून बघितलंय. आमच्याजवळच्या नाक्यावर सकाळी साडेसातला गेलो आणि दोघांना म्हटलं, "पाटणला येता का, भात लावायला?" एक जालन्याकडचा होता, एक वाशिमकडचा. जालन्याचा हसून म्हणाला, "काका, आमचीच पेरायची राहिलीय, सोयाबीन. पाऊस पडला की फोन येणार, मग मीच निघतो." पुढच्या आठवड्यात मराठवाड्यात पाऊस झाल्याची बातमी वाचली आणि मुद्दाम त्या नाक्यावरून गेलो. एरवी शंभरेक माणसं असतात, त्या दिवशी तीस-चाळीस होती. चहावाला म्हणाला, "पेरणीला गेलेत सगळे, आठ दिवसांनी या."